पटावर मुली जास्त, तरी मुली मागे का? मलावीतल्या कामाबद्दल

रानजाई

शिक्षणातल्या स्त्री-पुरुष समानतेवर मी सल्लागार म्हणून काम करते. हे काम नेमकं असतं काय, आणि परक्या देशात जाऊन बाहेरच्या माणसाने मुलींच्या शाळेबद्दल काय सांगायचं, असं बरेच जण विचारतात. एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून मलावीतल्या एका कामाबद्दल सविस्तर लिहिते. जिल्हा, शाळा आणि पैसे देणारी संस्था यांची नावं देणार नाही. त्यावरून त्या मुलींची ओळख पटू शकते.

थोडी पार्श्वभूमी आधी. मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला, समुद्रकिनारा नसलेला, उत्तर-दक्षिण लांबट देश. तिथे १९९१ पासून अमेरिकी मदतीवर 'गेबल' नावाचा कार्यक्रम चालू होता. प्राथमिक शाळेत त्याच इयत्तेत पुन्हा न बसता पुढे जाणाऱ्या मुलींची फी त्यात माफ व्हायची. १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणूक झाली, बाकिली मुलुझी राष्ट्राध्यक्ष झाले आणि प्राथमिक शाळेची फी सगळ्यांसाठीच रद्द झाली. वर्षभरात पट सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेला. खोल्या तेवढ्याच होत्या. सुमारे २०,००० अप्रशिक्षित शिक्षक घाईघाईने भरावे लागले. तो ताण शाळांवर अजून दिसतो. मी गेले त्या शाळेत पहिलीचा वर्ग झाडाखाली भरत होता, शंभराच्या वर पोरं जमिनीवर आणि फळा बुंध्याला टेकवलेला.

माझ्या टीओआरमध्ये, म्हणजे काय काम करायचं ते सांगणाऱ्या कागदात, लिहिलं होतं: 'जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांमधल्या लिंग-समानतेचा आढावा घ्या आणि शिफारशी द्या.' सोबत आकड्यांचा तक्ता. पहिली ते चौथीत मुली मुलांपेक्षा थोड्या जास्तच होत्या. पहिल्याच बैठकीत संस्थेच्या प्रतिनिधींनी सांगितलं की समानता तर साधली आहे, आता ती टिकवायची कशी तेवढं सांगा. म्हणजे निष्कर्ष तयार होता, मी फक्त सही करायची होती.

मी तीन आठवडे शाळांत बसले. एका शाळेतली एक सकाळ सांगते.

शाळा साडेसातला भरायची. मी पावणेसातला पोचले तेव्हा मुली आल्या होत्या, हातात गवताचे झाडू. पाचवीच्या वरच्या मुली वर्ग झाडत होत्या, दोघीजणी बोअरवेलवरून डोक्यावर बादल्या घेऊन शिक्षकांच्या घरांकडे निघाल्या होत्या. मुलगे सव्वासातनंतर आले आणि चेंडूमागे धावले. कोणी कोणाला ओरडत नव्हतं, कोणी जबरदस्ती करत नव्हतं. रोजचंच होतं ते. घंटा झाली तेव्हा त्या मुली दमलेल्या होत्या आणि पाण्याला गेलेल्या दोघी अजून परतायच्या होत्या. हजेरी घेतली गेली. दोघी 'गैरहजर' लागल्या.

मग सातवीचा गणिताचा तास. मी मागच्या भिंतीला टेकून बसले आणि वहीत दोन रकाने आखले. शिक्षकांनी मुलाला प्रश्न विचारला की डावीकडे रेघ, मुलीला विचारला की उजवीकडे. चार उभ्या, पाचवी आडवी, अशी जुडी करत गेले. तास संपला तेव्हा डावीकडे जुड्यांची रांग लागली होती आणि उजवीकडे पहिली जुडीही पुरी झाली नव्हती. ते शिक्षक मनाने अतिशय चांगले होते. मी वही दाखवली तेव्हा बराच वेळ ते त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मुली हात वर करत नाहीत म्हणून मी विचारत नाही." मी म्हटलं, "तुम्ही विचारत नाही म्हणून त्या हात वर करत नसतील का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून मला पुन्हा तासाला बोलावलं.

त्या सातवीचा हजेरीपट मी पानापानाने वाचला. मलावीत प्राथमिक शाळा आठवीपर्यंत असते आणि आठवीच्या परीक्षेवर माध्यमिकचा प्रवेश ठरतो. पहिलीत जिथे मुली जास्त, तिथे सातवी-आठवीत त्या झपाट्याने कमी. बऱ्याच नावांवर पेनाची आडवी रेघ होती. एक नाव मात्र पेन्सिलने खोडलेलं होतं आणि खाली त्याच अक्षरात पुन्हा लिहिलेलं. ती मुलगी गरोदर राहिल्यावर शाळेतून गेली होती आणि बाळ झाल्यावर परत आली होती. १९९३ पर्यंत मलावीत गरोदर मुलीला कायमचं काढून टाकत. त्या वर्षी धोरण बदललं, वर्षभर बाहेर राहून तिला परत येता येऊ लागलं. पण ही वाट आहे हे घरी जाऊन सांगणारं कोणी असावं लागतं. या मुलीला मदर ग्रुपच्या दोन बायका घरून घेऊन आल्या होत्या. मदर ग्रुप म्हणजे शाळेशी जोडलेला गावातल्या आयांचा गट.

आता माझी चूक. या आयांशी बोलताना पहिले दोन दिवस माझा दुभाषी त्याच शाळेतला एक शिक्षक होता. बोलणं चिचेवात, म्हणजे तिथल्या मुख्य भाषेत चाललं होतं. सगळं छान आहे, सगळ्या मुली येतात, असंच ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आपापसात बायका याओ ही दुसरी भाषा बोलतात. गावाबाहेरची, याओ जाणणारी एक तरुणी सोबत घेतली, झाडाखाली फक्त बायकाच बसलो, आणि ऐकू येणारं सगळंच पालटलं. शाळेचं अंतर, वाटेतली भीती, धान्य संपलेले जानेवारी-फेब्रुवारीतले दिवस, लग्नाची मागणी कोण घालतं, सगळं. दोन दिवस वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते दिवस माझे नव्हते, त्या बायकांचे होते. शेत सोडून त्या बसल्या होत्या.

अहवालात मी लिहिलं की या जिल्ह्यात नावनोंदणीची समानता आहे, शिक्षणाची नाही. मसुद्यावर शेरा आला, 'सूर जरा सकारात्मक करता येईल का?' मी भाषा मवाळ केली, वाक्याचा अर्थ नाही.

कोणाला या कामात यायचं असेल तर विचारा. माझं काही चुकत असेल तर तेही सांगा.

---

आकडेमोड

रानजाई, फार मोलाचं लिहिलंत. आकड्यांच्या बाजूने थोडी भर घालतो.

तुमच्या तक्त्यातली तुलना ज्या एका आकड्यात मांडतात त्याला जेंडर पॅरिटी इंडेक्स म्हणतात. मुलींचं प्रमाण भागिले मुलांचं प्रमाण. युनेस्को ०.९७ ते १.०३ या पट्ट्याला समानता मानते. पण हा भागाकार आहे, त्यामुळे दोघंही सारखेच मागे असले तरी उत्तर १ येतं. शंभर मुलग्यांतले तीस आणि शंभर मुलींतल्या तीसच शाळेत असल्या तरी १ च.

दुसरं, एकूण पट मोजताना त्याच इयत्तेत दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बसलेली मुलंही मोजली जातात. एखादी मुलगी दुसरीत तीनदा बसली तर खालच्या वर्गाचा आकडा फुगतो आणि ती शिकते आहे असं चित्र उभं राहतं. म्हणून एकाच वर्षी पहिलीत आलेल्या मुलामुलींचा गट पुढे किती वर्षांत, किती जण आठवीला पोचला हे बघायला हवं. हजेरीपट जुने असतील तर हाताने काढता येतं. चिकाटी लागते, पण निघतं.

आणि उलटी बाजूही विसरू नये. लेसोथोत कित्येक वर्षं शाळेत मुली जास्त होत्या, कारण मुलगे गुरं राखायला डोंगरात जात. तिथे समानतेचं काम मुलग्यांपासून सुरू होतं.

---

रानजाई

अगदी. हजेरीपटावरून गट काढायचं काम मी दोन शाळांत केलं. एका शाळेत मधल्या वर्षाचे पट पावसात भिजून गेले होते, तिथे मुख्याध्यापकांच्या आठवणीवर भागवलं आणि तसं अहवालात स्पष्ट लिहिलं.

नुसती संख्या सारखी असणं आणि शिक्षणात समानता असणं, हा फरक कागदावर जुनाच आहे. 'सर्वांसाठी शिक्षण' या २००० सालच्या आंतरराष्ट्रीय डकार आराखड्यात दोन वेगळ्या मुदती होत्या. प्राथमिक-माध्यमिकमधली मुलामुलींच्या संख्येतली तफावत २००५ पर्यंत मिटवायची आणि शिक्षणातली समानता २०१५ पर्यंत आणायची. म्हणजे लिहिणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होतं की या दोन गोष्टी निराळ्या आहेत. प्रत्यक्षात पैसा संख्येच्या मागे गेला, कारण ती मोजायला सोपी.

---

वाटसरू

मनापासून विचारतो, राग मानू नका. तुमच्यासारख्या सल्लागाराचं विमान, राहणं, रोजचं मानधन, यात किती मुलींची माध्यमिकची फी भरली गेली असती? झाडू-पाण्याची गोष्ट तिथल्या कुठल्याही शिक्षिकेला ठाऊक असणार. त्यासाठी तुम्ही कशाला?

---

रानजाई

राग कसला, हा प्रश्न मी स्वतःला प्रत्येक कामाआधी विचारते.

तिथल्या शिक्षिकांना ठाऊक होतंच. मला ते त्यांच्याकडूनच कळलं. पण त्या शाळेत आठ वर्गांना मिळून एकच शिक्षिका होती. खेड्यात शिक्षकांना राहायला धड घर नसतं, त्यामुळे बायका शहराजवळच्या शाळा मागतात आणि दूरच्या शाळेत पुरुषच उरतात. त्या एकटीने मुख्याध्यापकांना सांगितलं असतं तर ती तक्रार ठरली असती. माझ्या अहवालात आलं तेव्हा तो निष्कर्ष ठरला. हे अन्यायाचं आहे, पण सध्या असंच चालतं, आणि ते वापरता येतं तोवर मी वापरते.

मात्र तुमचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मलावीत या विषयाचे जाणकार आहेत. झोम्बाला विद्यापीठात शैक्षणिक संशोधनाचं केंद्र आहे. आता मी अशा कामाला होकार देते तो गटप्रमुख तिथली व्यक्ती असेल तरच. मी दुय्यम राहते, मानधनही तसंच घेते. पहिल्या कामात मी असं केलं नव्हतं.

---

खडूफळा

मी एकवीस वर्षं गणित शिकवलं. तुमचा रेघांच्या जुड्यांचा परिच्छेद वाचून पुस्तक मिटून बसलो. माझ्याही तासाला डाव्या रकान्यातच रेघा पडल्या असत्या, याची मला खात्री आहे. हुशार मुलगा पटकन उत्तर देतो, तास पुढे सरकतो, पोर्शन संपतो. मुलीला विचारलं की ती आधी उठते, ओढणी सावरते, मग हळू आवाजात बोलते. तेवढा वेळ थांबायचं आपल्या जिवावर येतं.

शेवटच्या काही वर्षांत मी एक केलं. सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायचो आणि चिठ्ठी निघेल त्याला विचारायचो. आणि विचारल्यावर मनात पाच आकडे मोजायचे, तोवर दुसऱ्याला बोलू द्यायचं नाही. पहिला महिना तास रेंगाळला. मग मागच्या बाकावरच्या मुली तयारी करून यायला लागल्या, कारण नाव निघू शकतं हे त्यांना कळलं. खर्च शून्य. तुमच्या त्या शिक्षकांना सांगता आलं तर सांगा.

---

रानजाई

खडूफळा, हे मी नक्की पोचवते. सगळ्यात जास्त मला पाच आकडे मोजायचं आवडलं. प्रशिक्षणात आम्ही 'मुलींना समान संधी द्या' असं वाक्य फळ्यावर लिहितो आणि शिक्षक ते वहीत उतरवतात. 'विचारल्यावर पाचपर्यंत मोजा' हे उद्या सकाळी करता येतं.

---

दूरदेशी

मी बांगलादेशात माध्यमिक शिक्षणाच्या एका प्रकल्पावर होते. तिथली गोष्ट वेगळी आहे म्हणून लिहिते. १९९४ पासून तिथे ग्रामीण भागात सहावी ते दहावीच्या मुलींना विद्यावेतन देशभर सुरू झालं. तीन अटी होत्या: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि लग्न झालेलं नसणं. पैसे मुलीच्या नावाच्या बँक खात्यात जायचे. माध्यमिक शाळांत मुलींची संख्या भराभर वाढली. गावातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या नावाने बँकेत खातं आहे, ही गोष्टच त्या घरांत नवी होती.

पण तिसऱ्या अटीचा मला कायम त्रास झाला. जिचं लग्न लावून दिलं तिचे पैसे बंद, म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज तीच यादीतून बाहेर. मलावीत याबद्दल काय दिसतं?

---

रानजाई

दूरदेशी, पैशाला अट घालावी का, याच प्रश्नावर झोम्बा जिल्ह्यात प्रयोग झाला होता, २००८-०९ मध्ये. लग्न न झालेल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींच्या घरांना दरमहा थोडे पैसे दिले. एका गटाला अट होती, ८० टक्के हजेरी. दुसऱ्या गटाला काहीच अट नाही. अट असलेल्या गटात शाळेत टिकणं जास्त सुधारलं, शिकणंही. पण लग्न आणि गरोदरपण कमी झालं ते बिनशर्त गटात. कारण शाळा सुटलेल्या मुलींनाही तिथे पैसे मिळत राहिले, आणि तेवढ्या आधाराने त्या लग्न लांबवू शकल्या. अट घातली की सुटलेली मुलगी दोन्हीकडून जाते.

म्हणून कोणी मला 'कुठली योजना चांगली' असं विचारलं तर मी आधी विचारते की तुम्हाला नेमकं काय हवं आहे. शाळेत टिकणं की लग्न लांबणं? दोन्ही हवं असेल तर एका अटीत ते बसत नाही.

कायद्याची बाजूही सुधारली आहे. मलावीच्या राज्यघटनेत १५ ते १८ वयाच्या मुलीचं लग्न आईवडिलांच्या संमतीने करायची पळवाट होती, ती फेब्रुवारी २०१७ मध्ये दुरुस्ती करून काढली. डेडझा जिल्ह्यातल्या पारंपरिक प्रमुख (चीफ) थेरेसा काचिंडामोटो यांनी तर आपल्या अधिकारात शेकडो बालविवाह मोडून मुलींना शाळेत परत पाठवलं. आमच्या मदर ग्रुपच्या बायकांना त्यांचं नाव ठाऊक होतं आणि त्या ते अभिमानाने घ्यायच्या.

---

अबोली

मी या क्षेत्रात नवीन आहे, पहिल्यांदाच अशा एका कामासाठी प्रस्ताव लिहितेय. मुलींची गळती पाळीमुळे होते असं सगळीकडे वाचलं, म्हणून सॅनिटरी पॅड वाटपाची शिफारस घालणार होते. बरोबर आहे ना?

---

रानजाई

अबोली, थांब. आधी मोज, मग शिफारस कर. 'तू' म्हटलं तर चालेल ना?

नेपाळमध्ये चितवनला ऑस्टर आणि थॉर्नटन या संशोधकांनी काही मुलींना पाळीचे कप (पॅडऐवजी वापरतात ते) दिले, काहींना नाही, आणि हजेरी तपासली. मुळात पाळीमुळे बुडणारे दिवसच अगदी थोडे निघाले, आणि कप दिल्याने हजेरीत फरक पडला नाही. कपडे धुण्याचा त्रास मात्र कमी झाला आणि मुलींना ते हवंहवंसं वाटलं. म्हणजे पॅड देऊच नयेत असं नाही. स्वच्छता, सोय, मान हे कारण पुरेसं आहे, तेच लिहावं. 'गळती थांबेल' असं वचन देऊ नये. ते वचन पुरं झालं नाही की पुढच्या वर्षी पॅडही बंद होतात.

मी बघितलेल्या शाळेत मोठं कारण होतं अंतर, आणि पुढच्या शिक्षणाची शक्यताच न दिसणं. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या, त्याचा अभ्यास झाला आहे. शाळा लांब असलेल्या गावांत परिणाम जास्त दिसला. गळतीचं कारण अंतर असेल तिथे सायकल, गरिबी असेल तिथे पैसे, वर्गात अपमान असेल तिथे शिक्षक. तुझ्या जिल्ह्यात कुठलं आहे ते तुला आत्ता ठाऊक नाही, मग प्रस्तावात उत्तर आधीच लिहू नकोस.

---

आकडेमोड

अबोलीताई, प्रस्तावात मनुष्य-दिवसांचा तक्ता करताना शाळेत नुसतं बसण्यासाठी वेगळे दिवस धरा. सगळे दिवस मुलाखती आणि बैठकांना जातात आणि वर्ग बघायला कोणी उरत नाही.

---

दूरदेशी

आणि मुलींना शिक्षकांच्या गैरवर्तनाबद्दल विचारणार असाल, तर उत्तर 'हो' आलं तर पुढे काय, हे आधी ठरवा. आमच्याकडे एका पथकाने हे प्रश्न विचारले, मुलींनी विश्वासाने सांगितलं आणि पथक दुसऱ्या गावाला निघून गेलं. मुली तिथेच, तो शिक्षकही तिथेच. याहून वाईट काही नाही.

---

रानजाई

दूरदेशीचं म्हणणं ठळक अक्षरात वाच, अबोली. मलावीत माणसांवर संशोधन करायला नॅशनल कमिशन फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजीकडून मंजुरी लागते, त्यात हा प्रश्न विचारतात. पण कुठल्याही देशात काम असो, पहिल्या गावात जायच्या आधी नाव-नंबर हातात हवेत. समाजकल्याण अधिकारी कोण, पोलिसांचा पीडित-साहाय्य विभाग कुठे, जवळचं आरोग्य केंद्र किती लांब. आम्ही हे छोट्या कार्डावर लिहून प्रत्येक सर्वेक्षकाला दिलं होतं. जिथे हे जुळलं नाही त्या शाळेत आम्ही ते प्रश्न विचारलेच नाहीत, पान कोरं ठेवलं आणि कोरं का ते लिहिलं.

---

वाटसरू

माझ्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिलंत, आभार. एकच विचारायचं राहिलं. पेन्सिलने खोडून परत लिहिलेलं नाव, त्या मुलीचं पुढे काय झालं?

---

रानजाई

मी होते तोवर ती सातवीत बसत होती. बाळ तिच्या आईकडे असायचं. मधल्या सुट्टीत ती धावत घरी जायची, दूध पाजून परत यायची, आणि रोज तिसऱ्या तासाला उशीर व्हायचा. हजेरी पहिल्या तासाला घेत, म्हणून पटावर ती पूर्ण हजर होती. भाषेचा तो तास तिचा रोज अर्धा बुडत होता आणि हे कुठेच नोंदलं जात नव्हतं.

शिफारशींमध्ये मी जिल्ह्यासाठी मोठ्या गोष्टी लिहिल्या: खेड्यात शिक्षिकांसाठी घरं, मदर ग्रुपला प्रवासखर्च, वर्ग झाडायची मुलामुलींची मिळून पाळी. त्या शाळेपुरती एकच छोटी होती, मधली सुट्टी वीस मिनिटांनी वाढवणं. मुख्याध्यापकांनी ती अहवालाची वाट न बघता पुढच्या सोमवारपासून लागू केली. घरांचं काय झालं ते मला सांगता येणार नाही, माझं काम मसुदा मंजूर झाल्यावर संपलं.

---

अबोली

रानजाईताई, 'तू'च म्हणा. पॅडची शिफारस काढून टाकली, वर्गात बसायचे सहा दिवस धरलेत. शेवटचं एक: मी जाणार तिथली भाषा मला येत नाही, आणि दुभाषी म्हणून संस्थेने एका पुरुष अधिकाऱ्याचं नाव दिलंय. बाई मिळालीच नाही तर?

---

रानजाई

तर बायकांचे आणि मुलींचे गट त्या दिवशी घेऊ नकोस. शिक्षकांशी बोल, वर्ग बघ, पट वाच. आणि संध्याकाळी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा दुसऱ्या गावच्या शाळेत विचार, दोन्ही भाषा येणारी एखादी बाई बहुतेक सापडते. मला ती तशीच सापडली, आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या नोंदी लिहायची. तिचं मानधन प्रस्तावात आत्ताच वेगळं धर, नंतर कोणी देत नाही.